उलटायचा राहिलेला कागद

मी, हेस्टर मॅकिलरॉय, कै. नॉर्मन मॅकिलरॉय यांची विधवा, वय ब्याऐंशी, राहणार ड्रमनागोर, काउंटी अँट्रिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले, कान गेले, पण जे विसरायला हवे होते ते सगळे जसेच्या तसे आठवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझ्या मुलाला, लॉरीला, दिले होते, आणि लॉरी आता नाही.

१. राहते घर नणंदेच्या मुलीला, आयरिसला. ती वर्षातून एकदा, ईस्टरला, तासभर येते आणि बोलता बोलता खिडक्यांची मापे घेते. पडदेही तिचेच.

२. चांदीची चहाची किटली शेजारीण सेडी हिला देणार होते. पण ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. म्हणून सेडी, जाताना किटली आजच उचल. झाकण सैल आहे.

३. माझा शिवणाचा डबा, लाल रेशमासकट, गावच्या रग्बी क्लबचे अध्यक्ष ट्रेव्हर गिलिलँड यांना. त्यांनी जन्मात एकदा तरी स्वतः एक हात शिवून बघावा. कारण लिहिते.

आमच्या क्लबची रीत अशी की खेळाडूच्या पहिल्या जर्सीवरचा लाल हात, म्हणजे आमच्या प्रांताचे चिन्ह, त्याच्या आईने शिवायचा, आणि माप त्याच्याच उजव्या हाताचे घ्यायचे. १९५८ साली लॉरी एकोणीस वर्षांचा होता. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पंजा पालथा ठेवला, मी कागदावर पेन्सिल फिरवली. त्याला गुदगुल्या होत होत्या, मेला सारखा हसत होता. चिन्हातल्या ढालीवर उजवा तळहात समोर दिसतो, म्हणून कापडावर ठेवताना तो कागद उलटायचा असतो. नाही तर उजव्याचा डावा होतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आनंदाच्या भरात मी कागद उलटायची विसरले.

सामन्याच्या दिवशी आम्ही बायका सँडविच घेऊन पोहोचलो तर कपडे बदलायच्या गोठ्यात हशा पिकला होता. ट्रेव्हर तेव्हा कप्तान. "अरे, हा तर डावा हात! राजाला पैसे चारून ज्यांनी सरदारकी घेतली, त्यांच्या ढालीवरचा! लॉरीसाहेब, मुजरा!"

नॉर्मन तेव्हा अध्यक्ष. तो हसला नाही. "काढ ती जर्सी. आपला हात उजवा. ज्याचा हात किनाऱ्याला आधी लागेल त्याची जमीन, म्हणून ज्याने होडीतूनच स्वतःचा हात तोडून फेकला, त्याचा. दुसरी घाल."

"बाबा, आईने शिवलंय हे. खेळेन तर यातच."

"मग नको खेळूस. माझ्या घरातही नको राहूस."

लॉरीने माझ्याकडे पाहिले. चूक माझी होती. 'अहो, पोराला खेळू द्या,' एवढे म्हणायला काय लागत होते? मी सँडविचवरचे फडके सारखे करत राहिले. त्याने जर्सी काढून घडी केली आणि माझ्या टोपलीत ठेवली. "शिवण छान आहे गं, आई," म्हणाला. सोमवारच्या बोटीने गेला तो गेलाच.

कॅनडातून दर नाताळला पत्र यायचे. नॉर्मन ते चुलीत घालायचा आणि मी चुलीवर भाकरी भाजायची. नॉर्मन गेल्यावर मी लिहायला बसले ती सहा वर्षे नुसती बसलेच. काय तोंडाने लिहू? दोन वर्षांपूर्वी तिकडच्या पाद्र्याचे पत्र आले की लॉरी वारला, मागे कोणी नाही. जमिनीसाठी स्वतःचा हात तोडणाऱ्याचे चिन्ह सगळे छातीवर मिरवतात. पोटचा पोर तोडू देणारीचे चिन्ह काय असते, ते मला कोणी सांगितलेले नाही.

४. खेळायचे मैदान माझ्या नावावर आहे. ते क्लबला, बिनशर्त. वकील बॉइड म्हणाले, "घाला की अट, बाई. सगळ्यांच्या जर्सीवर डावा हात लावायला लावा. जिरेल त्यांची." मोह झाला, खोटे का बोला. पण मग अटीपायी उद्या दुसऱ्या कोणाचे पोर बाहेर बसेल.

५. जर्सी मात्र क्लबला नाही. गेल्या महिन्यात ट्रेव्हर टोपी हातात घेऊन आला होता. "काचेच्या कपाटात ठेवू, हेस्टर. लोकांना गंमत वाटेल." गंमत बघून झाली आहे, ट्रेव्हर. जर्सी माझ्या शवपेटीत, उशीला.

६. मापाचा कागद बायबलात आहे. मला मूठमाती देण्याआधी तो माझ्या छातीवर, पेन्सिलीची बाजू वर ठेवून, पसरावा आणि माझा उजवा हात त्या रेघांवर पालथा ठेवावा. लॉरीने टेबलावर ठेवला होता तसाच. माझा हात त्यात लहान पडेल. पडू दे. कागद कोणीही उलटायचा नाही.

वरील सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

हेस्टर मॅकिलरॉय

साक्षीदार:
सेडी मॅकॉरमिक, शेजारीण (किटली मिळाली)
विनिफ्रेड ऑर, परिचारिका

ड्रमनागोर, ९ फेब्रुवारी १९९९