कोणास कळवावे

नागपूर, १७ जानेवारी १९७९

ती. सौ. चंद्रकलाताईस, धाकट्या जागेश्वरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझा तिळगूळ पोचला. भावजींचा खोकला आता कसा आहे ते कळव.

इकडे माझ्या डोक्याला ताप झाला आहे. कामठी रोडच्या कारखान्यावर बांबूच्या परांच्या बांधायचं काम मोठ्या ठेकेदाराने मला दिलं, हे तुला ठाऊकच आहे. तिथे आता ओमप्रकाश नावाचे सुरक्षा साहेब आलेत. त्यांना दर गड्याचा कागद हवा. टोप मिळाला का, कमरेचा पट्टा मिळाला का, आणि खाली ‘अपघात झाल्यास कोणास कळवावे’. महिनाअखेर कागद नीट झाले नाहीत तर काम दुसऱ्याला जाईल. हातमाग तर आपण केव्हाच मोडले, आता हेही गेलं तर मी आणि माझे गडी कुठे जायचं?

गड्यांतला रुपराव अडून बसला. म्हणाला, मरणाच्या कागदावर घरच्या लक्ष्मीचं नाव काहून घेऊ? आपल्यात बायकोचं नाव असंही कोण घेतं! मग सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं, मी लिहीत गेलो. त्या भरात माझ्या कागदावरही माझंच लिहिलं. साहेब म्हणाले, तुम्ही वरून पडलात तर तुम्हालाच कळवायचं का?

पट्ट्यांची काळजी नाही. नवेकोरे आहेत, मळू नयेत म्हणून पेटीत कुलूप लावून ठेवलेत. साहेब येणार असले की काढतो. तू शाळेत शिकवतेस, त्या रकान्यात काय लिहावं ते सुचव.

माया आहे तशी असू दे, रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
जागेश्वर

उमरेड, २० जानेवारी १९७९

चि. जागेश्वर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

खोकला उतरला, आता रोज भज्यांची फर्माईश असते. तुझं पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग पेटीचं वाचलं आणि माझं हसू पळालं. अरे शहाण्या, पेटीत लुगडी ठेवतात! तुला कागदाची काळजी आहे, मला तुझी आहे.

नावांचं सोपं आहे. सव्वीस जानेवारीची सुटी आहे. माझ्या भावजयीला, जयवंताला सांग, गड्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलाव. तिथे उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि मागोमाग आपलं सांगायचं. कुंकू लावून सांगितलेलं नाव अशुभ कसं होईल? ती सातवी शिकली आहे, तिनेच लिहावं. आणि पेटी तिथेच सगळ्यांसमोर उघड. न दिलेला पट्टा दिला म्हणून लिहिलंस तर माझ्याशी गाठ आहे.

मुलांना गोड पापा. जिवाला जप, एवढंच मागणं.

तुझी ताई

नागपूर, ५ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. चंद्रकलाताईंना, जयवंताचा वाकून नमस्कार वि. वि.

हळदीकुंकू झकास झालं. रुपरावांच्या रुखमाबाईने परांचीवरच उखाणा रचला. मग तिनेच विचारलं की हे लिहून काय करून राहिल्या वं बाई? मी रकाना वाचून दाखवला, तशा सगळ्या पेटीभोवती जमल्या. पेटी उघडली तेव्हा जिने तिने आपापल्या माणसाचा पट्टा उचलला आणि घरी नेला. एका गड्याची बायको सुभद्रा आता डब्याबरोबर पट्टा हातात देते, त्याशिवाय नवऱ्याला उंबरा ओलांडू देत नाही. साहेबांनी कागद घेतले, काम आपल्याकडेच राहिलं.

हे सगळं तुमच्या भावाने कळवलंच असेल. पुढचं मात्र नक्की लपवलं असेल. शनिवारी बांबू सरकला आणि हे वरून सुटले. पट्ट्याने धरलं. साहेबांचा माणूस कागद बघून दारात आला, जयवंताबाई तुम्हीच का म्हणाला. ताई, जागेश्वर ठेकेदार बरे आहेत, चहा पिऊन राहिले, असं तो सांगत होता, पण मला काही ऐकूच येईना.

संध्याकाळी हे सायकलवर आले. कोपर सोललेलं, बाकी ठणठणीत. काही झालंच नाही अशा तोऱ्यात पिठलं कर म्हणाले. मी बघते तर पट्टा कमरेलाच. इतवारीच्या भर बाजारातून तसेच आले होते, सोडायचं भानच नव्हतं. तेव्हा मला रडू फुटलं. त्यांना बक्कल काही सुटेना, म्हणून ते मीच सोडलं.

आमच्यावरची माया अशीच वाढत राहो.

तुमची
जयवंता