उसवलेले अकरा टाके

३ फेब्रुवारी

कातड्याला टाचणी लावली. मी! बेचाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाने! दोन तुकडे सरकू नयेत म्हणून हाताने सवयीने चार टाचण्या खुपसल्या. काढल्या, तर चार भोकं तशीच. कापडाला टाचणी लावा, काढा, नखाने जरा घासा, भोक गायब. कातडं काही विसरत नाही. नखाने घासलं, पाण्याचं बोट फिरवलं. इस्त्री फिरवावी असंही वाटून गेलं. नशीब, फिरवली नाही.

खोकं सूनबाईने काल माझ्या टेबलावर आणून ठेवलं. त्याच्या खोलीतलं. पोरगा जाऊन तीन महिने होतील, मी अजून त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. म्हणाली, अर्धवट राहिलंय, तुम्हाला जमेल. बाकी काही नाही. या महिन्याअखेर ती दुसऱ्या गावी नोकरीवर चालली, भाऊ न्यायला येणार आहे. बरोबरच आहे तिचं. उभं आयुष्य पडलंय, सासऱ्याचं तोंड बघत कशाला बसावं? तिने मागितलेलं नाही, पण मी ठरवलंय: ती जायच्या आत हे पुरं करून तिच्या हातात द्यायचं. त्याच्या हातचं काहीतरी तिच्याजवळ असावं.

काय वस्तू आहे ते मात्र कळत नाही. तपकिरी रंगवलेले दोन लांब तुकडे, वर रुंद, खाली निमुळते. मधे एक जाड पट्टी. एका कडेने वीतभर शिवलेलं, दोरा लोंबतोय. जिभेसारखी एक सुटी पट्टी, न रंगवलेली. आणि एक वही.

४ फेब्रुवारी

वही त्याच्याच अक्षरात. नुसत्या सूचना, स्वतःलाच दिलेल्या. “दोरा कडेच्या चौपट घे.” “मेण दोनदा ओढ.” “डावी सुई आधी. नेहमी. कंटाळा आला तरी.”

या मुलाला वीस वर्षं म्हणत होतो, माझ्याजवळ बस, काज करायला तरी शिक. सुईचं नाव काढलं की पळायचा. ऑफिसात चिकटला. आणि तिशी उलटल्यावर रविवारी सुई धरली ती कशावर? तर कातड्यावर! मला लागलं ते. मी त्याला लाटसाहेब म्हणायचो. आठवडाभर खुर्ची आणि रविवारी खेटरं, असंही म्हणालोय. तो हसायचा.

६ फेब्रुवारी

एक दोरा, दोन टोकांना दोन सुया. आधी हातोडीने काटा ठोकून भोकं पाडायची. हा काटा म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या काट्याचा दणकट भाऊ. मग काम लाकडी चिमट्यात धरायचं, चिमटा गुडघ्यांत. डावी सुई भोकातून उजवीकडे, मागोमाग उजवी सुई त्याच भोकातून डावीकडे. आणि दोन्ही हात पसरून ओढायचं. मशीनची शिवण एका ठिकाणी तुटली की सरसर उसवत जाते. ही नाही उसवत. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

रद्दी तुकड्यावर सराव केला. एकदा उजवी सुई आधी गेली तर टाका लगेच उलटा कलला. वहीत लिहिलंय ते खरं आहे. बोटात अंगुस्तान घालून मी जन्मभर एका हाताचा राजा होतो, आता डावा हात म्हणतो मीही आहे. बोटांची चाळण झाली.

८ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचणार आहे?

जुलैतली गोष्ट. माझी कात्री खणात नव्हती. ही कात्री मी काम शिकलो त्या मास्तरांनी मला दिलेली. तिने कापडाखेरीज काहीही कापायचं नाही, कागदसुद्धा नाही. घरात सगळ्यांना ठाऊक. माझी बायको होती तोवर तिनेही कधी त्या कात्रीने दोरा तोडला नाही. दुसऱ्या दिवशी कात्री खणात परत. मुठीवर तपकिरी अंगठा उमटलेला.

मी जे बोललो ते बोललो. माझ्या कात्रीने कातडं कापलंस, असं त्याला त्याच्या बायकोसमोर म्हणालो. तो म्हणाला, “अण्णा, ऐकून तरी घ्या.” मी ऐकलं नाही. कात्री धारवाल्याकडे नेली. तो म्हणे, काका, हिला काही झालेलं नाही, धार कालच्यासारखी आहे. मी म्हटलं, तुला काम नको असेल तर तसं सांग. जबरदस्तीने धार लावून घेतली. घरी येऊन खणाला कुलूप.

त्यानंतर चार महिने आम्ही एका घरात राहिलो आणि बोललो नाही. मीठ दे, दार लाव, तेसुद्धा सूनबाईमार्फत. एक-दोनदा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला, मी वर बघितलं नाही. नोव्हेंबरात एका दुपारी ऑफिसात खुर्चीवरच गेला. छत्तीस वर्षांचा.

मी बोललो असतो. दिवस बघत होतो. किती मूर्ख माणूस!

११ फेब्रुवारी

आज खरं काम सुरू केलं. चष्मा लावून त्याची शिवण बघितली. आणि मान्य करतो, सुरेख आहे. प्रत्येक टाका एकाच कलाने पडलाय. मी कधी बघितलंच नव्हतं. पोराच्या हातात शिवण होती आणि ती माझ्याकडूनच आली असणार, दुसरीकडून कुठून?

पण शेवटचे अकरा टाके! भोकं रेघ सोडून गेलेली, एक टाका असा, एक तसा, दोरा कुठे ढिला, कुठे आवळलेला. बराच वेळ हात ठेवून बसलो. शेवटी शेवटी हात थकत असेल का त्याचा? बरं नसताना बसला असेल का? आम्हाला कळलंच नाही का?

ते तसे ठेववेनात. जन्मभर त्याच्या चुका काढल्या, जाता जाता एक तरी नीट करून द्यावी. अकराच्या अकरा उसवले. दोऱ्याची टोकं झिजली होती, कापून केरात टाकली.

१२ फेब्रुवारी

उरलेल्या कडेचे चाळीस टाके. डावी सुई आधी.

१३ फेब्रुवारी

सूनबाई चहा घेऊन आली. काम उचलून उजेडात धरलं. रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं. “इथले टाके?” मी मोठ्या ऐटीत सांगितलं, वाकडे होते, काढले, आता सरळ घालतो.

ती खाली बसली. म्हणाली, “ते माझे होते, अण्णा.”

एका रविवारी त्याने तिला गुडघ्यांत चिमटा दिला होता. घाल म्हणाला. ती हसत होती, तो हसत होता, भोकंसुद्धा तिनेच पाडली. ती म्हणाली, काढून टाक, वाईट दिसतंय. तो म्हणाला, राहू देत, एवढाच भाग मला बघावासा वाटेल.

मी केर शोधला. केर कालच गेला.

१४ फेब्रुवारी

दिवसभर हात लावला नाही. बेचाळीस वर्षांत मी कुणाचंही चुकलेलं उसवताना विचारलं नाही की हे कुणाचं. लाज वाटते.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. जेवताना मला वाढत होती नेहमीसारखी.

१६ फेब्रुवारी

ती अकरा भोकं तशीच ठेवली आहेत. बाकीची शिवण पूर्ण झाली.

आज जीभ रंगवायला घेतली. बाटलीतला रंग ओतला आणि कापड मारलं, तर मधे काळा डाग, कडेला फिका. ओतायचा नसतो म्हणे. बोळा जेमतेम ओला करायचा, गोल गोल फिरवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा फिरवायचं, चार-पाच पातळ हात. हे सूनबाईने सांगितलं, दारातूनच, आत न येता. मग आत आली. दुसरी जीभ कापून दिली आणि बोळा कसा धरायचा ते दाखवलं. रंग जुळला. माझी बोटं मात्र तपकिरी झाली. साबण, दगड, लिंबू, काही चालेना.

१७ फेब्रुवारी

माझ्या कपावर तपकिरी अंगठा उमटला. ती कप विसळताना थांबली. म्हणाली, त्याचंही असंच व्हायचं. कपावर, दिव्याच्या बटणावर, एकदा तिच्या गालावर, आणि ती तशीच ऑफिसला गेली होती. सांगताना हसली आणि मग नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. मी टेबल पुसत बसलो. टेबल स्वच्छच होतं.

मग मनात आलं, दिव्याच्या बटणावर डाग पडला, म्हणजे त्याने बटण कापलं नव्हतं. तो विचार तिथेच सोडला. या वयात असले विचार झेपत नाहीत.

२० फेब्रुवारी

जिभेला बटण ठोकायचं यंत्र माझ्याकडे नाही. कातडीच्या दुकानात गेलो. चष्मेवाला मालक त्याला ओळखत होता, तासभर कातडं चाचपून चिमूटभर न्यायचा, असं म्हणाला. माझ्या हातातलं उलटसुलट करून म्हणाला, हे म्यान आहे, काका. मधे जाड पट्टी घातली आहे ना, ती आतल्या धारेने शिवण कापू नये म्हणून. आत काहीतरी धारदार जायचंय.

म्हणजे त्याची कातडं कापायची सुरी! खोक्यातच आहे. घरी आल्या आल्या घातली. ढगळ! आत दुसरी सुरी मावेल एवढं म्यान ढगळ. इतकी सुंदर शिवण आणि माप असं? पोटच्या पोराचं माप चुकलेलं बघून मला इतकं वाईट का वाटावं?

२१ फेब्रुवारी

ढगळ कपडा आत घेतात. मी हजारो घेतले. खडूने रेघ मारली, एका बाजूने बोटभर आत. ती रेघ तिच्या अकरा भोकांच्या आतून गेली, भोकं कापून जाणार होती, पण त्याला इलाज नव्हता. पट्टी ठेवली, सुरी टेकवली.

सूनबाईने हातच धरला. आजवर कधी धरला नव्हता. “अण्णा, माप बदलू नका.”

म्हटलं, अगं, सुरी हलते आत. बाहेर पडेल, तुला लागेल. ती म्हणाली, “हलू दे. त्याने मोजून केलंय.” डोळे भरलेले, पण हात सोडेना. मी सुरी खाली ठेवली. तिच्या नवऱ्याची वस्तू, तिची इच्छा. ओल्या बोटाने खडू पुसला.

२४ फेब्रुवारी

तिला म्हटलं, ये, बस. चिमटा तिच्या गुडघ्यांत दिला. दोरा मी मापला, मेण दोनदा ओढलं, सुया ओवून दिल्या. भोकं तीच, वाकडी. तिने अकरा टाके घातले. चौथ्याला उजवी सुई आधी गेली. माझ्या जिभेवर शब्द आला होता, गिळला. जन्मात पहिल्यांदा!

वाईट दिसतंय ना, असं विचारलं तिने. मी म्हटलं, राहू देत.

मग आम्ही दोघंही रडलो. तीन महिन्यांत एकत्र रडलो नव्हतो. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. आज एकाच टेबलाशी, मधे हे म्यान घेऊन.

२६ फेब्रुवारी

कड घासली. बोटावर पाणी, मग लाकडी दांड्याने घासत राहायचं, तापेपर्यंत. खरखरीत कड काचेसारखी होते. माझ्या टाचण्यांची चार भोकं दिसतात अजून. दिसू देत.

संध्याकाळी फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. तिने वास घेतला, गालाला लावलं, आणि परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, हे माझं नाही. म्हटलं, मग कुणाचं? ती कपडे भरायला गेली. मी तसाच बसून. बहुधा अजून मनातून गेलेलं नाही तिच्या, मी टाके उसवल्याचं. एवढीशी गोष्टसुद्धा मला धड करता आली नाही.

१ मार्च

सकाळी सूनबाई गेली. भाऊ खाली सामान ठेवत होता. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता. आता खण उघडा, अण्णा.”

जुलैनंतर आज कुलूप काढलं. कात्री म्यानात घातली. दोन्ही पाती शेवटपर्यंत गेली, खिळ्यापाशी थांबली. मूठ बाहेर. जीभ बरोबर मधून आली, बटण लागलं. जराही हलत नाही.

धारवाला खरं बोलत होता. पोराने हिने कातडं कापलंच नव्हतं. माप घेतलं होतं.