हात धुण्याचं पाचवं सर्टिफिकेट

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. मी बोलणार, सून लिहिणार. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं. सून म्हणाली, मग लिहायची कशाला, आई? म्हटलं, तेही लिही.

कारण तसंच मोठं आहे. आपल्याकडे मदत पाठवणारं ते परदेशी सरकार आपली पद्धत बदलतंय. आजवर ते फक्त काय काय दिलं ते मोजायचे. आमच्या गल्लीत घरोघर नळ दिले, चकचकीत. पाइप राहिला. त्यांच्या मोजणीत नळ होता, पाइप नव्हता. मग हात कसे धुवावेत याचं ट्रेनिंग दिलं. चार वेळा. मास्तर रिकामा तांब्या धरून सांगतो, समजा, पाणी आहे. त्याचं नावच समजामास्तर पडलंय. माझी चारही सर्टिफिकेटं भिंतीवर आहेत.

आता म्हणे, किती दिलं ते नाही, उपयोग किती झाला ते मोजणार. आणि माणसांना विचारूनच पुढचं ठरवणार. आमच्या गल्लीतर्फे मी बोलणार. म्हणजे एका अख्ख्या सरकारला वळण लावायचं काम माझ्या गळ्यात. मुलाला लागलं नाही, सरकारला लावून बघू.

संकल्प: तोंडावर सांगायचं. ट्रेनिंग पुरे, पाइप द्या. सुनेची पाठ धरलीय. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलंय आणि ती मोठ्या रस्त्यावरून हंडे भरून तीन जिने चढते.

११ फेब्रुवारी

मोजणीवाली आली. पोरगी काटकुळी, चपलेचा अंगठा तुटलेला, पिन लावून चालवलेला. तिने एक कार्ड पुढे केलं. त्यावर पाच तोंडं. पहिलं रडकं, शेवटचं दात काढून हसणारं. आजी, ट्रेनिंग जसं वाटलं त्या तोंडावर बोट ठेवा, म्हणाली. अक्षर यायला नको. सोय बरी आहे.

बोट रडक्याकडे निघालंच होतं. तेवढ्यात ती म्हणाली, सकाळपासून फिरतेय आजी, बस म्हणणारं हे पहिलं घर. आता अशा लेकराच्या हातात रडकं तोंड द्यायचं? शिवाय ते हुबेहूब माझ्या जावेसारखं दिसत होतं. हसऱ्यावर ठेवलं.

हरकत नाही. ही नुसती चाचपणी. खरी मोजणी पुढेच आहे.

सून उठली. हंडे उचलून खाली गेली.

१५ फेब्रुवारी

मध्ये लिहिणं झालं नाही. सुनेचे हात दुखत होते.

जाऊ भेटली. मागच्या गल्लीत राहते. मला पाण्यात पाहते. पाणी तिच्याही गल्लीत नाही, ती गोष्ट वेगळी. ही बाई जेवून उठल्यावर ताटालाही नावं ठेवते. तिने म्हणे रडक्या तोंडावर बोट ठेवलं आणि मोजणीवालीला विचारलं, याहून वाईट तोंड नाही का तुमच्याकडे? पोरगी तिथून डोळे पुसत निघाली. काही रीतभात?

२१ फेब्रुवारी, दुपारी

परदेशी साहेब स्वतः येणार. आज सुनेला साहेब करून खुर्चीत बसवलं आणि तालीम केली. काय बोलले मी! नळ, पाइप, जिने, तिची पाठ, काही सोडलं नाही. सून म्हणाली, आई, इतकं स्पष्ट मलाच बोलता. तिथे बोला.

तिथेच बोलणार आहे. शब्द म्हणजे शब्द.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

साहेब येऊन गेला. दारात वाकून आत आला, न सांगता बूट काढले, जमिनीवर बसला. गुडघे दुमडेनात, तरी बसला. चहा दुसऱ्यांदा मागून घेतला. भिंतीवरची सर्टिफिकेटं एकेक करून वाचली. आजवर ती वाचणारा घरात हा पहिला पाहुणा.

मग दुभाष्याने विचारलं, काही कमी आहे का? आता हातात आपला कप धरून बसलेल्या माणसाला कमी काय ते सांगायचं? म्हटलं, तुमच्या कृपेने सगळं छान आहे. पण ज्या सुरात म्हटलं ना, त्या सुरात पाइप होता. दुभाष्याने सूर गिळला असेल तर मी काय करू? शिवाय नळाकडे एकदा रोखून बघितलं. साहेबानेही बघितलं. खूश झाला. मला नळाशेजारी उभं करून फोटो काढला. मी हसले, पण त्या हसण्यात सगळी तक्रार होती. शहाण्याला शब्दाचा मार.

सून म्हणाली, त्या दुसऱ्या कपासाठी मला परत खाली जावं लागलं.

१२ मार्च

संताप संताप झालाय. लिही, संताप.

रिपोर्ट आला. मोजणीवाली नवी चप्पल घालून सांगायला आली. नोकरी पक्की झाली म्हणे. आमची गल्ली पहिली, पूर्ण समाधानी. म्हणून आमच्याकडचं काम संपलं. नव्या पद्धतीत जिथे तक्रार तिथे मदत. मागच्या गल्लीत पाइप टाकताहेत. जावेच्या दारात!

मी विचारलं, आणि आम्हाला? तुमचा मान मोठा आजी, म्हणाली. पाचवं सर्टिफिकेट. आणि आता इतर गल्ल्यांत हात धुवायला मीच शिकवायचं.

हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं म्हणजे घसा ओला झाला का? माणसाने भलेपणाने बोलायचंच नाही का? ताटाला नावं ठेवणारीलाच आधी वाढणार असतील तर कसली डोंबलाची सुधारणा! चूक पद्धतीची आहे. माझं काही चुकलं नाही.

सून मी बोलले त्याहून जास्त वेळ लिहीत होती. काय लिहितेस, विचारलं. म्हणाली, काही नाही.

४ एप्रिल

जावेच्या गल्लीत शिकवायला गेले. सून दोन हंडे घेऊन सोबत. शोभतं का म्हटलं, तर पुढे चालू लागली.

सगळ्या बायका जमल्या. मी हात पुढे धरले आणि सवयीने म्हटलं, समजा, पाणी आहे. जावेने नळ सोडला. धो धो. बाह्या भिजल्या, साबण निसटला, पुढे काय करायचं तेच आठवेना. पाच सर्टिफिकेटांत खरं पाणी कधी आलंच नव्हतं. जाऊ हसली, थेट कार्डावरच्या शेवटच्या तोंडासारखी.

येताना एक हंडा मी घेतला. दुसऱ्या जिन्यावर बसले. सुनेने तोही उचलला. म्हटलं, अगं, ते कार्ड तुझ्यापुढे धरलं असतं तर कुठे ठेवलं असतंस बोट? ती म्हणाली, मला कुणी विचारलंच कुठे, आई? त्यांनीही नाही, तुम्हीही नाही.

वर आल्यावर म्हटलं, हे वहीत घाल.

म्हणाली, घालते. पण वाचणार कोण?