अंडी फुटेपर्यंत

तळ्याकाठून,
९ नोव्हेंबर

प्रिय लेम्पी,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे घट्ट होतात, पण घालतो. गुडघा बरा आहे. परवा सॉनाची वाफेची खोली तापवली, तर शेजारची आर्लीस येऊन नेहमीसारखी माझ्या लाकडांना नावं ठेवून गेली. डुलुथच्या तुझ्या त्या वृद्धाश्रमात कॉफी अजून पातळच मिळते का?

तू दर पत्रात तळ्यावरच्या लून पक्ष्याच्या पिल्लाचं विचारतेस आणि मी दर वेळी हवापाण्याचं लिहितो. पिल्लू अजून इथेच आहे. ऑगस्टात आईच्या पाठीवर बसून फिरलं, मग स्वतः बुडी मारून मासे धरायला लागलं. आईबाप ऑक्टोबरात दक्षिणेला गेले, ते दरवर्षी जातातच. याचे पंख मात्र उशिरा भरले. उडायच्या आधी त्याला पाण्यावर लांब धावावं लागतं, आणि तळं चारी बाजूंनी गोठत आलंय. मधे चर्चच्या अंगणाएवढं पाणी उरलंय. आज तीनदा धावलं, तिन्ही वेळा बर्फाच्या कडेशी अडलं. त्या कडेवर गरुड बसलाय. कालपासून जागचा हललेला नाही.

उशीर का झाला, ते आता लिहायलाच हवं. तळ्याचं पाणी फळ्या टाकून अडवतो त्या बांधावरची, बाबांनी रंगवलेली पाटी आठवते ना, ‘अंडी फुटेपर्यंत फळीला हात लावू नये’? जूनमध्ये पाणी कमी म्हणून आर्लीसच्या जावयाची नवी बोट धक्क्याला लागेना. म्हणाला, “अहो वाइनो, एक फळी टाका की! चार बोटं पाणी चढलं तर कोणाचं काय जातंय?” मी टाकली. सकाळी काठावरचं लूनचं घरटं पाण्याखाली होतं आणि दोन्ही अंडी तरंगत होती. हे पिल्लू नंतर घातलेल्या अंड्याचं.

तुला मी कळवलं, गरुडाने अंडी नेली. तू त्याला पानभर शिव्या घातल्यास. मी त्या वाचून हसलो होतो, लेम्पी. आता लाज वाटते.

उद्या उजाडल्यावर होडी बर्फावरून ओढत नेणार आहे, पिल्लाला धरून आणायला जाळं घेऊन. आर्लीस म्हणाली, “बर्फ दोन बोटंसुद्धा नाही, म्हाताऱ्या. तुला बाहेर काढायला मी येणार नाही हं!” मग स्वतःच दोरी आणून दिली.

भीती वाटते. पण ते हाका मारतंय, आणि ऐकायला तळ्यावर मीच उरलोय. पत्र आजच पेटीत टाकतो, उद्यावर ठेवत नाही.

तुझा,
जूनमधला गरुड,
वाइनो