नाव कमी केल्याचा दाखला

१२ मार्च, गुरुवार

ताई, नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय आहे. तसं लिहिलं आणि खोडलं. चोवीस वर्षांनी तुला लिहितोय, निदान पहिली ओळ तरी खरी असावी.

सोमवारी सकाळी आंघोळ करून, देवापुढे नेहमीसारखा दोन मिनिटं बसून मी सरकारी मदतीच्या कचेरीत गेलो. मी अजून पुस्तकबांधणीच करतो. आमचा छापखाना शेजारच्या राज्यात हलतोय आणि मालकांनी जुन्या माणसांना बरोबर चला म्हटलंय. तुझ्या भावजयीचं दम्याचं औषध आणि घरचं धान्य मदतीच्या कार्डावर मिळतं. नव्या राज्यात कार्ड हवं, तर इथल्या कार्डावरची सगळी नावं आधी कमी करायची आणि तसा दाखला तिकडे न्यायचा.

रांग लांब होती. मागे उभा असलेला टेम्पोवाला म्हणाला, काका, इथे नाव लावायला एक वर्ष आणि काढायला दोन, मधे माणसानं वारा पिऊन राहायचं. मी हसलो.

खिडकीतल्या बाईंनी संगणकात बघून नावं वाचली. माझं. बायकोचं. मग तुझं.

मी म्हणालो, काहीतरी चूक आहे. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. तुझं माहेरचं नाव, जन्मतारीख. राहणार: याच घरी.  ज्या बाबांनी तुझ्या लग्नानंतर तुझ्या चपलासुद्धा उंबऱ्याबाहेर भिरकावल्या, आईनं तुझा विषय काढला तर जे ताटावरून उठायचे, ते दर नूतनीकरणाला मुलगी घरीच राहते असं लिहून देत होते.

मायेनं की धान्यासाठी, मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. सोमवारी वाटलं होतं, मायेचं तेवढं तुला कळवावं आणि मोकळं व्हावं.

पण शेवटच्या नूतनीकरणाखाली सही माझी आहे. सहा वर्षांपूर्वीची, बाबा गेल्यानंतरची. न वाचता केली, असं मी बाईंना सांगितलं. ते खरंच आहे. पण दोन माणसांना तिघांचं धान्य येतं, हे मला दर महिन्याला पिशवी उचलताना कळत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कमी झालं असतं.

आणि तुझं पत्र. चार वर्षांपूर्वीचं. मिळालं नसेल, असं तू मनाशी म्हणाली असशील, तो तुझा चांगुलपणा. मिळालं होतं. मेहुणे गेले, तुझ्या गुडघ्यांनी काम सुटलं, आणि तिथली कचेरी म्हणते तुमचं नाव दुसऱ्या राज्यात माहेरच्या कार्डावर आहे, तिथून कमी केल्याचा दाखला आणा, त्याशिवाय काही मिळणार नाही. एवढंच तू मागितलं होतंस, एक कागद. मला वाटलं, कार्डाचं नुसतं निमित्त, घरात वाटा मागण्याची ही पहिली पायरी. बाबांनी तुझं नाव ठेवलं असेल हे तर स्वप्नातही येईना. पत्र मी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली सारलं. चार वर्षं तू काय खाल्लंस, ताई?

हे सगळं खिडकीपाशी उभ्या उभ्या डोक्यात आलं. आणि तरी पुढचं घडलं. ते लिहिल्याशिवाय हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

बाईंनी सांगितलं, प्रत्येक नावापुढे कारण लागतं. लग्न होऊन गेली म्हणाल, तर इतकी वर्षं धान्य कोणी उचललं याची चौकशी लागेल आणि तुमचीही नावं तोवर अडकतील. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मयत लिहा. चोवीस वर्षं गाठभेट नाही म्हणता ना? कोण विचारायला येतंय. उद्या दाखला घेऊन जा."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, तुझ्या नावापुढे, मयत. लिहिताना क्षणभरही थांबलो नाही, याचाच मला अजून धक्का आहे. साहेब रजेवर होते म्हणून शिक्का राहिला, नाहीतर आज सरकारदरबारी तू नसतीस आणि मग कुठल्याच राज्यात तुला कोणी काही दिलं नसतं.

घरी येऊन देवापुढे बसलो, तर बसवेना. बायकोला सगळं सांगितलं. खरं लिहिलं तर तिचं औषध दोन-तीन महिने बंद पडेल, हेही सांगितलं आणि विचारलं, काय करू. ती धापा टाकत कपडे घडी करत होती. म्हणाली, "वन्संना मारताना मला विचारलं होतंत? मग जिवंत करायला कशाला विचारता?"

मंगळवारी कचेरी उघडायच्या आत मी दारात होतो. अर्ज परत मागितला. बाई वैतागल्या. "काल मेलेली आज उठली का?"

"ती मेली नव्हती. मी मारली होती," मी म्हणालो.

नवा अर्ज लिहिला. बहीण हयात आहे, चोवीस वर्षांपासून दुसऱ्या राज्यात राहते, तिच्या वाट्याचं धान्य आमच्या घरानं उचललं, माहीत असून मी कळवलं नाही. बाईंनी तो दोनदा वाचला आणि आत नेला. तुझं नाव आज कमी झालं. आमची दोन नावं चौकशी होईपर्यंत इथेच राहतील. छापखाना येत्या सोमवारी हलतोय. मालकांना सांगून आलो की मी मागाहून येईन, जागा राहिली तर. औषध तोवर विकत आणू. त्याची काळजी तू करायची नाही.

दाखला सोबत आहे. मूळ प्रत आहे, शिक्का नीट उठलाय. तिथल्या खिडकीवर दाखव, पण हातचा सोडू नकोस, नक्कल दे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम मी टाकणार नाही. पाकीट रजिस्टर करतोय. पोच परत येईल तेव्हा तिच्यावर तुझी सही असेल. मला तेवढी पुरे.

तुझा धाकटा