चौदांतल्या नऊ पायऱ्या

बाबा,

डबा ओट्यावर आहे, पण आज कारखान्यात जाऊ नका. तोंडावर बोलायची छाती झाली नाही, म्हणून लवकर निघाले.

आपल्या कारखान्यात बनलेल्या शिडीची पायरी निखळून तो रंगारी जीवानिशी गेला, तेव्हा तपासणीच्या अहवालात मी तुमच्या शेजारी वेल्डिंग करणाऱ्या त्या धांदल्याचं नाव घातलं. शंभर पायऱ्यांचं वेल्डिंग केलं की त्याच्या पाच कच्च्या निघतात, तुमची एकच. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्याला घरी बसवलं. पण कोण किती पायऱ्या जोडतं, हे मी पाहिलंच नाही.

काल नोंदवही काढली. हजारातल्या नऊशे तुम्ही जोडता, तो जेमतेम शंभर. म्हणजे कच्च्या तुमच्या नऊ, त्याच्या पाच. निखळलेली पायरी चौदांत नऊ वेळा तुमची असणार. ती तुमचीच, असं गणित म्हणत नाही. पण त्याचीच म्हणून सही ठोकून मी मोकळी झाले होते, आणि त्याच्या घरची चूल तेव्हापासून थंड आहे.

आज अहवाल मागे घेते. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

डोळ्यांच्या डॉक्टरांची चारची वेळ घेतली आहे. वर्षभर तुम्ही टाळत आलात, आणि तपासनीस असून मी गप्प बसले. आता चिडायचं तर चिडा, पण जा.

मी घरात तुमच्यासाठी एवढ्या मोठ्या अक्षरात का लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

थोरली