कवटी क्रू आणि आत्याची किंकाळी

४ जानेवारी
आजपासून मी एमसी मुडदा. विमा ऑफिसातला कारकून ही वरवरची ओळख. ग्रुपचं नाव कवटी क्रू. शब्द आणि रॅप माझा, बीट ढोल्याचा, आणि सलूनवाला मागे उभा राहून भेसूर हसणार. संकल्प: ऐकणाऱ्याची पाचावर धारण बसली पाहिजे.

११ जानेवारी, दुपार
घरीच ‘तळघरातलं प्रेत’ रेकॉर्ड केलं. तिसऱ्या कडव्यात आत्याला ओट्यावर झुरळ दिसलं आणि ती किंचाळली. अख्खा टेक वाया. ढोल्या म्हणाला, राहू दे. मी मोठ्या मनाने राहू दिलं.

२ फेब्रुवारी
गाणं तुफान चाललंय. कमेंट्स सगळ्या किंकाळीवर. शब्दांचं मर्म कळायला लोकांना वेळ लागतो. ऑफिसातल्या शिपायाला विचारलं, घाबरलास का? म्हणाला, नाही, पण त्या बाईंना नंतर बरं वाटलं ना? म्हणजे आतून हललाय.

१५ फेब्रुवारी
राजीनामा दिला. साहेब म्हणाले, विचार कर. विचार करत बसलो असतो तर कलाकार झालो असतो का? आत्याला बोललो नाही. तिने मला लहानाचं मोठं केलं, ही नोकरीही तिनेच दहा जणांचे उंबरठे झिजवून लावून दिली. शो गाजला की सांगू. तोवर रोज डबा घेऊन निघायचं आणि बागेत बसून खायचा.

१ मार्च
पहिला शो. हॉल भरलेला. खास लोकाग्रहास्तव आत्याही स्टेजवर. ऐन किंकाळीच्या जागी ती छान हसली. म्हणाली, झुरळ नसताना कशी ओरडू? मी तिच्या कानाशी प्रेताचं कडवं गरजलो. तिने पदराने माझ्या गालावरचं मेकअपचं रक्त पुसलं. लोक पोट धरधरून हसले. माइक खराब होता.

१० मार्च
आत्याला घाबरवण्याची तालीम. कपाटातून झेप घेतली. म्हणाली, आत होतासच तर चादर का नाही काढलीस? मग मरून पडलो. तिने माझ्या कडेकडेने फरशी पुसून घेतली. बाईला कलेची जाणच नाही.

२२ मार्च
ढोल्या सोडून गेला. सलूनवालाही. त्याला आता दुकानातही तसंच हसू येतं, गिऱ्हाइकं अर्धी दाढी ठेवून पळतात. क्रू म्हणजे मी एकटा. निर्णय पटापट होतील.

२३ मार्च, संध्याकाळ
आत्या भांडी लावता लावता म्हणाली, गेले तर गेले, तुझी नोकरी आहे ना, मग मला कसला घोर? मी सांगून टाकलं, ती फेब्रुवारीतच सोडली.

काय किंकाळी होती. शेजारी अनवाणी धावत आले. रेकॉर्डिंग चालू नव्हतं.

नंतर ती खुर्चीत बसून राहिली. पाण्याचा पेला मीच तिच्या ओठांशी धरला. मला अजिबात मजा आली नाही. उद्या साहेबांच्या हातापाया पडायचं ठरलंय. आत्या म्हणते, मी पण येते. मी नको म्हटलं नाही.